चंद्रमतीचं खरं वय

गेल्या पोंगलला चंद्रमती मला नमस्कार करायला वाकली आणि मधेच थांबली. दाराची चौकट धरून म्हणाली, "एवढाच होतोय. उरलेला समजून घ्या."

तिचा उजवा गुडघा पार झिजला होता. बदलावाच लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. राज्याच्या विम्यात आम्ही बसत नव्हतो, कारण आमच्या मुलाचा, प्रवीणकुमारचा पगार मर्यादेच्या वर जात होता. मग कळलं, सत्तरी गाठलेल्या कुणालाही उत्पन्न न विचारता केंद्र सरकारच्या विम्याचं कार्ड मिळतं. वय मात्र आधारवर असेल तेच धरतात.

आम्ही दोघं ई-सेवा केंद्रात गेलो. तिथं काम करणारी जननी आम्हाला ताता-पाट्टी, म्हणजे आजोबा-आजी म्हणते. तिनं आधी माझं आधार पाहिलं. "ताता, तुम्ही एकाहत्तर. होईल." मग चंद्रमतीचं पाहिलं. "पाट्टी, तुम्ही अडुसष्ट. दोन वर्षांनी या."

"तोवर हा गुडघा कुठं ठेवू? तुझ्या कपाटात?"

जननी हसली. "जन्मतारीख चुकली असेल तर एकदा दुरुस्त करता येते. शाळेचा दाखला आहे का?"

"नाही," चंद्रमती लगेच म्हणाली. "मी शाळेत गेलेच नाही."

मी लग्नाच्या जेवणावळींचा स्वयंपाकी. छप्पनाव्या वर्षापर्यंत मला अक्षर येत नव्हतं. ते मला हिनंच शिकवलं, भाताची पेज निथळेपर्यंत, चुलीपुढच्या राखेत बोटानं काढून. तीच बाई हे सांगत होती.

बसची वाट बघत बाकावर बसलो तेव्हा म्हणालो, "तुझ्या पत्र्याच्या पेटीत, लग्नाच्या साडीच्या घडीत एक कागद आहे. तुझ्या माहेरच्या, पापनाशमच्या शाळेचा."

ती रस्त्याकडे बघत राहिली. "तो रेशनचा जुना कागद."

"रेशनच्या कागदावर पाचवी पास लिहीत नाहीत."

"वाचलात तुम्ही?"

"तू शिकवलंस त्याच वर्षी."

आमच्या लग्नात माझ्या आईची एकच अट होती, मुलगी मुलाहून लहान हवी. मी बावीसचा. हिच्या वडिलांनी हिचं वय एकोणीस सांगितलं. होती चोवीसची. तेच एकोणीस पुढं रेशनकार्डावर गेलं, मतदार यादीत गेलं, आधारवर गेलं. तो दाखला तिला माझ्यापासून लपवावाही लागला नाही. दर उन्हाळ्यात साड्यांना ऊन द्यायला मीच पेटी गच्चीवर नेत असे, आणि तो कागद उडू नये म्हणून त्यावर खडाही मीच ठेवत असे.

"पंधरा वर्षं गप्प बसलात?" तिनं विचारलं.

"तू एकोणपन्नास बसलीस. मोठ्यांचं बघून शिकलो."

तिला हसू आलं नाही. "तुमच्या आईला शब्द दिला होता बाबांनी."

"आई जाऊन वीस वर्षं झाली."

"गल्लीला कळेल."

"गल्ली गुडघा बदलून देणार आहे का?"

बस आली. पायरी चढताना तिनं माझ्या खांद्यावर सगळा भार टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी पेटी उघडी होती, आणि ती चपला घालून ओट्यावर बसली होती. कागद पदराखाली.

जननीनं दाखला वाचला, बोटांवर मोजलं आणि ओरडलीच, "अय्यो! पाट्टी ताताहून मोठ्या!"

रांगेतली सगळी माणसं वळून बघू लागली. चंद्रमतीनं पदर सारखा केला. "हो. दोन वर्षांनी. लिही."

दुरुस्ती व्हायला दीड महिना लागला, त्यानंतर कार्ड आलं. आडी महिन्यात, म्हणजे जुलैच्या अखेरीस, गुडघा बदलून झाला.

यंदा पोंगलला पूजा आटोपली आणि मी सवयीनं नमस्कार घ्यायला खुर्चीकडे निघालो. तिथं चंद्रमती आधीच बसली होती, दोन्ही पाय नीट पुढं घेऊन.

"या," ती म्हणाली. "लहानांनी वाकायचं असतं."

मी वाकलो. कटकन आवाज झाला. या वेळी गुडघा माझा होता.

"आता तुमचं कार्ड काढा," ती म्हणाली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.