पिवळ्या डागाचा आळ

मी एक तोटी आहे. पत्र्याची, बोटाच्या पेराएवढी, टोकाला जेमतेम सुई शिरेल एवढं भोक. बिस्किटांवर साखरेची नक्षी काढणं हे माझं काम. आज मी बोलणार आहे आणि रागानेच बोलणार आहे. चूक एकाची, आळ दुसरीवर, आणि खरं काय ते ठाऊक असलेली मी वर्षभर खणात गप्प पडून.

माझा जन्म चेक देशात, मोरावियातल्या एका खेड्यातला. माझी आताची मालकीण द्राहा, तिच्या आईने पत्र्याची कामं करणाऱ्या एका म्हाताऱ्याकडून मला करून घेतलं. त्याने डब्याचा पत्रा कापला, वळवला, सांधा झाळला आणि म्हणाला, "बाई, हिला गरम पाणी दाखवू नका. सांधा सुटेल." झालं. तेव्हापासून मला बारा महिने गार पाण्याचीच आंघोळ. आईनंतर मी द्राहाकडे आले, आणि माझ्याबरोबर हा नियमही आला. म्हातारा बोलला ते खरं की खोटं, हे बघायची कुणाला गरज वाटली नाही.

बाकी द्राहाचं सोवळं विचारू नका. नाताळच्या आधी मध घालून पत्त्यातल्या बदामाच्या आकाराची बिस्किटं भाजायची, मऊ पडायला डब्यात ठेवायची, मग त्यांच्यावर नक्षी. पिठीसाखर जुन्या रेशमी मोज्यातून चाळायची, नाहीतर एखादी गुठळी येऊन माझ्या घशात अडकते. साखरेत घोटायला अंड्याचा पांढरा बलक अलगद काढायचा. त्यात पिवळ्याचा टिपूस गेला, कुठे तेलातुपाचा हात लागला, की साखर रुसलीच. ती पसरते आणि धड वाळत नाही. म्हणून भांडं व्हिनेगरने पुसायचं, चमचा व्हिनेगरने पुसायचा. आणि मला? मला नळाखाली धरायचं, झटकायचं, साखर भरायच्या कागदी सुरळीच्या टोकात बसवायचं.

या घरात प्रत्येकाच्या नावाचा एक बदाम नाताळच्या झाडाला टांगतात. नाव आहे तो घरचा, नाही तो पाहुणा. द्राहाचा, तिच्या नवऱ्याचा म्हणजे ओल्डाचा आणि मुलाचा म्हणजे हिनेकचा, असे तीन बदाम मी कितीतरी वर्षं लिहीत आले. गेल्या वसंतात नाही, त्याच्या आदल्या वसंतात हिनेकचं लग्न झालं आणि राडमिला घरात आली. ती खाणीच्या गावची, ओस्त्रावाची. सासू पहिल्या दिवसापासून टोमणे मारायची. "तुमच्याकडे सगळा कोळसा. साखर कशाला लावणार, कोळशाला?" राडमिला हसून सोडून द्यायची. पण त्या वर्षी झाडावर आपलं नाव लागणार, याची ती किती वाट बघत होती ते मला ठाऊक आहे. भाजलेल्या बदामांतला एक तिने दोनदा उचलून पाहिला होता.

आता ओल्डाचं सांगते. माणूस वाईट नाही, पण त्याला घरातली प्रत्येक वस्तू पाना वाटते. त्या शरदात, बटाटे काढून झाल्यावर, भिंतीवरचं घड्याळ थांबलं. त्याच्या तेलाच्या कुप्पीचं तोंड मोठं, चाकाच्या दातात थेंब नेमका पडेना. साहेबांनी स्वयंपाकघरातला खण उघडला आणि मला उचललं. बायकोला विचारलं? नाही. मला कुप्पीवर चढवलं आणि माझ्या पोटातून ते काळपट, उग्र वासाचं तेल ओतलं. ज्या पोटातून आजवर साखरेशिवाय काही गेलं नव्हतं, त्यातून. मग मला पॅन्टला पुसून परत खणात टाकलं आणि शीळ घालत बाहेर गेला.

डिसेंबरात द्राहाचा हात थरथरायला लागला होता. नाइलाजाने तिने सुरळी सुनेच्या हातात दिली. राडमिलाने सासूच्या डोळ्यांदेखत अंडं फोडलं, पांढरा बलक वेगळा केला. पिवळ्याचा कणही गेला नाही. मी शेजारीच होते, मी पाहिलं. मग तिने मला उचललं आणि नाकाशी नेलं.

"आई, ही गरम पाण्यातून काढू का? कसलातरी वास येतोय."

"म्हणजे सांधा सोडवून ठेवशील. माझ्या आईची आहे ती. गार पाणी पुरे."

गार पाण्याने कधी तेल गेलंय का हो? राडमिलाने चार नावं लिहिली. वळण इतकं सुरेख की द्राहासुद्धा काही बोलली नाही. पण मला आतून कळत होतं की काय होणार आहे. अक्षरं हळूहळू फुगली, एकमेकांत मिसळली. सकाळी बघतात तर प्रत्येक रेघेभोवती पिवळट डाग.

"पिवळा पाडलास ना आत?" द्राहा म्हणाली.

"नाही आई. तुम्ही होतात ना समोर."

"मग हे पिवळं काय, सूर्य उगवला?"

मी ओरडून सांगितलं असतं. पण तोटीला तोंड दुसऱ्याच्या हाताने मिळतं.

मला धुवायलाही न थांबता द्राहाने कागदाची नुसती सुरळी घेऊन थरथरत्या हाताने तीन नावं नव्याने लिहिली. चौथ्या बदामाशी थांबली. "अंडी संपली," म्हणाली. टोपलीत दोन अंडी होती. मी मोजली. राडमिलानेही मोजली असणार, कारण ती टोपलीकडे बघतच खोलीबाहेर गेली. झाडाला तीन नावांचे बदाम लागले आणि एक कोरा. नाताळला आलेल्या मावशीने विचारलं, "हा कोरा कुणाचा?" द्राहा म्हणाली, "ज्यांना अंडं फोडता येत नाही त्यांचा." सगळे हसले. ओल्डा तर सगळ्यात मोठ्याने हसला. त्या हसण्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

पुढे वर्षभर अंडं फोडायचं झालं की द्राहा सुनेच्या हातातून काढून घ्यायची. हिनेक म्हणायचा, "सोड गं, आई आहे ती." सोड म्हणायला त्याचं काय जात होतं?

परवा पुन्हा नक्षीचा दिवस आला. राडमिलाकडे फक्त साखर चाळायचं काम. मी टेबलावर, अंडी द्राहापुढे. तेवढ्यात ओल्डा आला, हातात कुप्पी. मला उचलून त्याने कुप्पीवर चढवलं, जशी काही मी त्याच्या बापाने केली होती.

"हे काय चाललंय?" द्राहाने विचारलं.

"घड्याळ थांबलंय. गेल्या खेपेला हिच्यानेच घातलं होतं तेल. थेंब बरोबर दातात पडतो."

"गेल्या खेपेला म्हणजे कधी?"

"गेल्या वर्षी. बटाटे काढले तेव्हा."

"आणि धुतलीस?"

"पुसली की चांगली. पॅन्टला."

चाळणारा मोजा राडमिलाच्या हातात तसाच राहिला. द्राहाने मला कुप्पीवरून काढलं, हुंगलं, पांढऱ्या कागदावर टेकवलं. कागदावर पिवळट डाग उमटला. ती त्याच्याकडे बघत राहिली. मग उठली, पातेल्यात पाणी ठेवलं आणि त्यात मूठभर सोडा टाकला.

"आई, सांधा सुटेल," राडमिला म्हणाली. तिचा आवाज गार होता.

"सुटू दे."

मला उकळत्या पाण्यात टाकलं. आयुष्यातली पहिली गरम आंघोळ. सांधा सुटला नाही. सुटणारच नव्हता. द्राहा शेगडीकडे तोंड करून उभी होती, तशीच बोलली.

"अंडं तू नीट फोडलं होतंस. मी बघितलं होतं."

राडमिलाने मोजा खाली ठेवला. म्हणाली, "मला वाटायला लागलं होतं, खरंच पडला असेल. घरी कुणी नसलं की मी अंडी फोडून बघायचे, आई. हात बिघडलाय का म्हणून."

द्राहाने अंड्यांचं भांडं तिच्यापुढे सरकवलं. सुरळीच्या टोकात मला तिने स्वतः बसवलं. "आधी तुझं नाव लिही," म्हणाली. मी लिहिलं. एवढी पांढरी, एवढी ताठ अक्षरं माझ्या तोंडून कधी उतरली नव्हती. मग द्राहाचं, मग हिनेकचं.

"बाबांचं?" राडमिलाने विचारलं.

"त्याचा राहू दे कोरा. पोरीने वर्ष काढलं, तो काय विरघळणार आहे?"

"थेंबभर तर तेल होतं," ओल्डा पुटपुटला. एवढंच. माझी क्षमा त्याने मागितलेली नाही, तशी द्राहानेही नाही. तेव्हा बाबांनो, बायकोच्या खणातली वस्तू उचलताना आधी तिला विचारत जा. वस्तूला विचारायची पद्धत तुमच्यात नाही, ते मला माहीत आहे.

झाडावर आता कोरा बदाम ओल्डाचा आहे. भिंतीवरचं घड्याळ परवापासून बंदच आहे. तो माझ्या खणाकडे बघतो, मग राडमिलाकडे बघतो, आणि कुप्पी घेऊन परत जातो. राहू दे बंद.