आई नसलेला नकाशा

आई जाऊन पंधरा दिवस झाले, तरी धाकटा कॉम्प्युटरपुढून हलेना. कुठल्या खोलीत वायफाय पोचेल आणि कुठे दम तोडेल, हे भिंती उभ्या राहायच्या आधीच नकाशावर दाखवणं हा त्याचा धंदा. दवाखाने, हॉटेलं, गोदामं, सगळीकडे त्याचा शब्द प्रमाण. आणि स्वतःच्या घरात? दिव्याखाली अंधार.

आईच्या गळ्यात बटण त्यानंच अडकवलं होतं. दाबलं की वायफायवरून त्याच्या खोलीत घंटा वाजायची. त्या दुपारी ती मागच्या बाथरूममध्ये पडली. हा चार भिंतींपलीकडे कामात बुडालेला. घंटा काही वाजली नाही. दोन तासांनी चहाला उठला तेव्हा सगळं संपलं होतं.

ती पालथी पडली होती, बटण अंगाखाली. माणसाचं अंग म्हणजे निम्म्याहून जास्त पाणी, सिग्नल पिऊन टाकतं. नकाशात त्यानं विटा, आरसे, लोखंडी कपाटसुद्धा घातलं होतं. आई तेवढी घालायची राहिली होती.

"अरे, किती उगाळशील?" ताई दारातून म्हणाली.

"तिनं दाबलं असणार गं. माझ्यापर्यंत पोचलंच नसेल."

ताई खुर्ची ओढून शेजारी बसली. त्यानं आईला नकाशात घातलं. ओली फरशी, बंद दार, बटण छातीखाली. आईचं वजन त्याला ठाऊक नव्हतं, ते ताईनं सांगितलं. एकेचाळीस किलो.

आकडे फिरले आणि बाथरूम हिरवं झालं. सिग्नल पोचत होता. कुणाचाही जीव भांड्यात पडला असता. त्यानं मात्र आईचं वजन वाढवलं, भिंती जाड केल्या, पुन्हा पुन्हा करून पाहिलं. हिरवंच. बटण आणि घंटा तर त्यानं पहिल्याच दिवशी तपासली होती, दोन्ही ठणठणीत.

"म्हणजे तुझी चूक नाही," ताई म्हणाली. "पडल्या पडल्या शुद्ध गेली असेल तिची."

"शुद्धीवर होती. टॉवेल ओढून गालाखाली घेतला होता तिनं."

"मग दाबलं का नाही?"

त्यानं स्क्रीन बंद केली. मग म्हणाला, "गेल्या महिन्यात दाबलं होतं. मी मीटिंग सोडून धावलो, तर चष्मा सापडत नव्हता म्हणून. मी ओरडलो, ताई. म्हटलं, जीव जात असेल तरच दाबत जा."

ताईनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो रडत होता.

"तिला वाटलं असेल," तो म्हणाला, "एवढ्यानं काय जीव जातो."