कड झडलेली फीत

मित्रांनो, मला एका जागी बसवत नाही आणि माझं आयुष्य मात्र बहुतेक बसण्यातच गेलं. मी ध्वनिमुद्रणाची जुनी फीत आहे. दोन बोटं रुंद, तपकिरी, चाकावर गुंडाळलेली. फिरले तरच माझ्यातून आवाज येतो. थांबले की मी नुसती पट्टी.

ऐंशीच्या दशकात एका कारखान्यात प्लास्टिकवर लोखंडाच्या बारीक पुडीचा लेप देऊन मला घडवलं. तिथून मी एका तळघरातल्या स्टुडिओत आले. तिथे एक गायिका एकटीच आली होती. तिचा रॉक बँड तेव्हा चांगलाच गाजत होता आणि त्यात ड्रम वाजवायचा तिचा सख्खा मोठा भाऊ. तिला मात्र एक अल्बम स्वतःच्या नावावर करायचा होता. दादानं तेही एक वेळ ऐकून घेतलं असतं. पण तिनं ड्रमसाठी मशीन आणली. बटण दाबलं की ठोके देणारी मशीन तेव्हा नवीन निघाली होती आणि जो तो तिच्या मागे लागला होता.

"माझ्या जागी माणूस आणला असतास तर भांडलो तरी असतो," दादा फोनवर इतक्या मोठ्यानं म्हणाला की खोलीभर ऐकू आलं. "डब्याशी काय भांडू?"

फोन ठेवून ती तशीच गायला उभी राहिली. माझ्या अंगावर समांतर पट्टे असतात. मधल्या पट्ट्यांवर तिचा आवाज बसला, शेजारी गिटार आणि अगदी कडेच्या पट्ट्यावर मशीनचे ठोके. ती चिडली होती, घाबरलीही होती. तिची सगळी तगमग माझ्या अंगात उतरली आणि ती अजून गेलेली नाही.

अल्बम निघाला. एक गाणं रेडिओवर बरंच वाजलं. बँडच्या चाहत्यांनी नाकं मुरडली आणि एका समीक्षकानं लिहिलं, बाईंना तालाचं वावडं आहे. तिनं दादाला तबकडी पाठवली, ती वेष्टनही न फोडता परत आली. स्टुडिओतल्या ध्वनिमुद्रकानं मला घरी नेलं आणि जिन्याखालच्या कपाटात आडवं टाकलं. खालून ओल यायची. माझी खालची कड भिजत राहिली, अंग चिकट होत गेलं. मला ओरडावंसं वाटायचं, पण ओरडायलाही मला फिरावं लागतं.

मग एकदा कपाट उघडलं. कंपनीला तो अल्बम नव्यानं काढायचा होता. ध्वनिमुद्रकाचं आता टक्कल पडलं होतं. त्यानं मला फळं सुकवायच्या यंत्रात मंद आचेवर ठेवलं. चिकटलेल्या फितींवर हाच इलाज असतो. आत सफरचंदाची एक वाळकी चकती राहून गेली होती. तिच्या सोबतीनं मी शेकून निघाले.

"ही आता एकदाच फिरेल," तो म्हणाला. "त्याच फेरीत सगळं कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचं. पुढचं माझ्या हातात नाही."

त्या दिवशी ती गायिका स्टुडिओत आली आणि बरोबर दादाही आला. तिच्या घशाचं ऑपरेशन झालं होतं आणि ती आता नुसती कुजबुजायची. दुकानात, बँकेत, फोनवर तिच्या वतीनं बोलायला दादा लागायचा. अबोला असा नाइलाजानं सुटला होता. या गाण्यांचा विषय मात्र घरात निघत नव्हता. दादानं ती एकदा ऐकावीत, एवढीच तिची इच्छा होती आणि माझ्याकडे तेवढी एकच फेरी उरली होती.

मी फिरले. भीतीनं आणि आनंदानं फिरले. तिचा आवाज स्वच्छ बाहेर पडला, पण माझी ओल लागलेली कड पूड होऊन फीत वाजवायच्या यंत्रावर सांडत गेली. फेरी संपली तेव्हा मशीनचे ठोके गेले होते.

"ठोके काय, आत्ता कॉम्प्युटरवर नवे करतो," ध्वनिमुद्रक म्हणाला. "ताई, चालेल ना?"

ती काही बोलायच्या आत दादानं मान हलवली. "नाही बसणार. पुन्हा लावा ते कॉम्प्युटरवरचं. बघा, ओळ संपताना ती पुढे पळते. लहानपणापासूनची खोड आहे तिची. मी तिच्याबरोबर पळायचो, म्हणून कुणाला कळायचं नाही."

"मग वाजवा की," ध्वनिमुद्रक म्हणाला.

"गुडघे बोलतात माझे," असं कुरकुरत दादा काचेपलीकडे जाऊन ड्रमवर बसला. त्याच्या कानात तिचा तरुण आवाज सुरू झाला. पहिल्यांदा तो चुकला, शिव्या घालून पुन्हा लागला. मग ओळ संपत आली, ती पळाली आणि तोही पळाला. कुणाला तालाचं वावडं बिवडं काही नव्हतं.

तो घामाघूम होऊन बाहेर आला. तिनं त्याला खाली वाकायला लावलं आणि कानात काहीतरी सांगितलं.

"काय म्हणतात ताई?" ध्वनिमुद्रकानं विचारलं.

सगळीकडे तिच्या वतीनं बोलणाऱ्या दादानं हे मात्र स्वतःजवळच ठेवलं. तो तिचा हात धरून तसाच उभा राहिला.

मित्रांनो, मी आता पुन्हा फिरणार नाही आणि मला त्याचं वाईट वाटतं, खोटं कशाला सांगू? तुमच्या घरात माझ्यासारखी एखादी फीत असेल तर तिला कोरड्या जागी उभी ठेवा, अधूनमधून फिरवा. आणि ज्यांचं ऐकायचं राहिलंय त्यांचं ऐकून घ्या. आम्ही वाट बघतो, पण वाट बघता बघता झडतो.