याकोबच्या हातचा पाव

पेंटर शिडीवरून उतरला, दोन पावलं मागं सरला आणि मान तिरकी करून पाटीकडं बघू लागला. लाल अक्षरं अजून ओली होती : श्री भवानी हिंदू बेकरी. मालक, लालासाहेब निकम.

"कसं काय, याकोबा? उठून दिसतंय का न्हाई?" लालासाहेबांनी विचारलं.

"दिसतंय की," याकोब म्हणाला.

"तुजं नाव न्हाई म्हनून वाईट वाटून घिऊ नगंस. साताऱ्यातली मानसं तुला ठावं हायेत. भट्टी तुजी, हात तुजं. फकस्त पुढं दुकानात येऊ नगंस. पुढं माजा गडी केरबा बसंल."

याकोबनं मान हलवली. पाव म्हणजे आजाऱ्याचं खाणं, आणि तोही ख्रिस्त्याच्या हातचा, म्हणजे गावानं नाकाला पदर लावायचीच गोष्ट. हे काही त्याला नवं नव्हतं. याकोब अवघडे मिशनच्या बोर्डिंगात वाढला होता. मिरजेत एका गोऱ्या पाद्रीबाईंच्या बंगल्यावर, म्हाताऱ्या खानसाम्याच्या हाताखाली तो पाव भाजायला शिकला. लग्नानंतर त्यानं सांगलीत पत्र्याच्या शेडमध्ये स्वतःची भट्टी लावली. तीन वर्षं ती बरी चालली. मग लढाई पेटली, मैदा परमिटवर गेला, आणि त्याच्यासारख्याला कचेरीत कुणी दारात उभं करीना. तेवढ्यात लालासाहेबांचा निरोप आला. त्यांचे भाऊ पलटणीत सुभेदार होते, कचेरीत ओळख होती, परमिट हातात होतं. नव्हता तो पाव भाजणारा.

याकोबनं एकच अट घातली होती. रविवारी भट्टी पेटणार नाही.

"आन् रविवारीच तर गिऱ्हाईक असतंय रं," लालासाहेब हसले होते. "बरं, असू दे. शनवारी दुप्पट भाज म्हंजी झालं."

दुकानाच्या मागं दोन खोल्या होत्या. तिथं याकोब, त्याची बायको तबिथा, सहा वर्षांची करुणा आणि रांगता नाथान राहू लागले. दुकान आणि भट्टी यांच्यामध्ये पत्र्याची आडभिंत होती. पहाटे उठून याकोब झोपलेल्या पोरांच्या उशाशी गुडघे टेकी, दोन मिनिटं डोळे मिटी आणि मग काथवटीत खमीर घातलेला मैदा मळायला बसे. पाव भट्टीत गेले की आंबूस, गोड वास सगळ्या बोळात पसरे. नाथान त्या वासानं जागा होई आणि बापाच्या पाठीवर पिठाच्या हातांचे ठसे उमटवी.

धंदा चालला. हॉस्पिटलात, कचेरीत, पलटणीतून रजेवर आलेल्या शिपायांच्या घरी पाव जाऊ लागला. लालासाहेब ठरलेला वाटा वेळेवर देत. रविवारी सकाळी याकोब धुतलेला कोट घाली, पोरांना घेऊन ख्रिस्ती मंदिरात जाई आणि प्रभुभोजनाच्या विधीसाठी स्वतः भाजलेला पाव पाळकांच्या हाती देई. त्या दिवशी त्याला वाटे, आपण तिन्ही बाजू सांभाळल्या. देव सांभाळला, घर सांभाळलं, धंदाही सांभाळला.

"पाटीवर नाव नसलं म्हणून पाव काही आंबट होत नाही," तबिथा म्हणे. नाथान जन्मला तेव्हा सांगलीच्या शेडमध्ये तिनं कण्यांवर दिवस काढले होते. नावाचं कौतुक तिला नव्हतं.

एकदा दुपारी करुणा शाळेतून आली आणि पाटी-दप्तर ठेवताना सहज म्हणाली, "आज बाईंनी विचारलं, तुझे वडील काय करतात."

"मग? काय सांगितलंस?" याकोबनं विचारलं.

"सांगितलं, काहीच करत नाहीत."

तबिथाचा भाकरी थापणारा हात थांबला. करुणा दोघांकडं आळीपाळीनं बघू लागली.

"तुम्हीच म्हणाला होतात ना, कुणाला सांगायचं नाही म्हणून?"

"होय बाळा. बरोबर केलंस," याकोब म्हणाला. उरलेली दुपार तो भट्टीतली राख काढत बसला. राख फारशी नव्हतीच.

त्या वर्षी श्रावण संपता संपता साताऱ्यात विषमज्वराची साथ आली. ताप उतरलेल्या आजाऱ्याला डॉक्टर दुधात बुडवलेला पाव द्यायला सांगत. जन्मात पाव न शिवलेली माणसं दुकानाच्या पायरीवर येऊन उभी राहू लागली. याकोब दोनदा भट्टी लावू लागला.

अशाच एका सकाळी एक म्हातारी आली. दहिवडीकडची होती. केरबानं नाव विचारलं तेव्हा हरणाबाई म्हणून सांगितलं. एकुलता नातू दवाखान्यात होता. चार दिवसांनी त्यानं डोळे उघडले होते. पाव हातात घेऊन ती तशीच उभी राहिली.

"लेका, ह्यो कुनाच्या हातचा हाय?"

"आजी, बामनाच्या हातचा," केरबानं सांगितलं. "पाटी न्हाई का दिसत? एकदम सोवळ्यातला."

पत्र्यामागं याकोब पाव मोजत होता. त्याचे हात थांबले. नाव नसणं त्याला चाललं होतं. मागं राहणंही चाललं होतं. त्यात त्याला कधी कधी नम्रपणाही वाटला होता. पण ही म्हातारी विश्वासानं विचारत होती, आणि त्याच्याच हातचा पाव पदरात घेऊन खोटं घरी नेणार होती. तो क्षणभर घुटमळला. मागच्या खोलीतून नाथानचं बडबडणं ऐकू येत होतं. मग त्यानं हात पुसले आणि पत्र्याचं दार लोटून तो दुकानात आला.

"आजी, हा पाव माझ्या हातचा आहे. मी ख्रिस्ती आहे. आजा माझा मांगवाड्यातला. चालत असेल तर न्या. चालत नसेल तर ठेवा. पण खोटं सांगून मी तुम्हाला देणार नाही."

दुकानात आणखी तिघं होते. एकानं हातातला पाव फळीवर टाकला आणि धोतराला हात पुसत तो बाहेर पडला. दुसरे दोघं त्याच्यामागं गेले. हरणाबाई याकोबच्या तोंडाकडं बघत राहिली. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. फार दमलेले होते ते डोळे.

"खरं बोललास त्ये बरं केलंस," ती म्हणाली. तिनं पाव हलकेच फळीवर ठेवला. "पर आमच्यात न्हाई चालत, बाबा." आणि काठी टेकत ती उन्हात निघून गेली.

संध्याकाळी लालासाहेब आले. ते ओरडले नाहीत. मैद्याच्या पोत्यावर बसले आणि पागोटं काढून मांडीवर घेतलं.

"याकोबा, मी तुजं काय वाईट केलं रं?"

"काहीच नाही. उपकारच केले तुम्ही."

"मग असं का केलंस? केरबा बोलला त्यात तुजं काय जात हुतं?"

"तेच सांगता येईना, लालासाहेब. पण आत बसून ऐकवलं नाही."

"पेठंत बोभाटा झाला. उद्या कोन घेनार पाव?" ते उठले. "तू मानूस सोन्यावानी हायेस. पर मला दुकान चालवायचं हाय. ह्यो महिना भर आन् दुसरीकडं बघ."

याकोब आत आला तेव्हा तबिथा चुलीपुढं बसली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं त्याला वाढलं, पोरांना निजवलं आणि मग म्हणाली, "देवाशी खरं वागलात. मला मात्र विचारलं नाहीत."

"वेळ नव्हता, तबिथा."

"मी नको म्हटलं असतं, असं वाटलं तुम्हाला?"

याकोबला खोटं बोलता येईना. "वाटलं," तो म्हणाला.

"म्हटलंच असतं मी नको," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांना पाणी आलं. "म्हटलं असतं. आणि मग जन्मभर तुमच्या तोंडाकडं बघवलं नसतं मला. पण पुढच्या वेळी विचारा."

पुण्याहून नवा भट्टीवाला यायचा होता. शेवटच्या शनिवारी याकोबनं नेहमीसारखे दुप्पट पाव भाजले. निघताना त्यानं आपलं खमीर दोन बरण्यांत सारखं वाटून घेतलं, एक बरणी लालासाहेबांच्या पुढ्यात ठेवली आणि ते रोज कसं वाढवायचं ते समजावून सांगितलं. टांगा लालासाहेबांनीच आणला, आणि तबिथाची ट्रंकही त्यांनीच उचलून वर ठेवली.

सांगलीजवळ माधवनगरात गिरणीच्या वाटेवर एक खोली मिळाली. याकोबनं स्वतः विटा रचून भट्टी बांधली. संस्थानच्या कचेरीत खेटे घालून घालून गिरणी-कामगारांसाठी म्हणून त्यानं महिन्याला दोन पोती मैदा मिळवला. आता पत्रा नव्हता. भट्टी, काथवट, फळीवरचे पाव आणि मागं खेळणारी पोरं, सगळं रस्त्यावरून दिसे. पहिले पाच दिवस माणसं नुसती बघून गेली. सहाव्या दिवशी, शनिवारी, त्यानं तरीही भट्टी लावली. निम्म्याहून जास्त पाव उरले.

रविवारी सकाळी चौघं तयार होऊन निघाले. सांगलीच्या मंदिरापर्यंत चालत जायचं म्हणजे तासभराची वाट. याकोब कडी लावत होता तेवढ्यात एक बाई कडेवर पोर घेऊन आली. अंगावरच्या लुगड्याला कापसाचे पुंजके चिकटलेले होते. गिरणीत सुताच्या कांड्या भरायला जाणारी मनुबाई. कामाची पाळी संपवून ती परस्पर गावाला निघाली होती.

"पाव हाय का वं? पोरगं भुकंजलंय. लांब जायाचं हाय."

"आज विकत नाही, बाई," याकोब म्हणाला. "रविवार आहे."

मनुबाईचं तोंड उतरलं. पोर मात्र आत फळीकडं बोट दाखवत राहिलं. याकोबनं तबिथाकडं पाहिलं. यावेळी त्यानं विचारलं, "काय करायचं? मंदिरातलं पहिलं गीत चुकेल."

"चुकू दे," तबिथा म्हणाली. "कालचे आहेत. पैसे न घेता तसेच द्या."

याकोबनं कोट काढून करुणाच्या हातात दिला आणि दोन पाव आणले. मग न विसरता तो म्हणाला, "बाई, घरात न्यायच्या आधी सांगतो. आम्ही ख्रिस्ती आहोत."

"ठावं हाय की," मनुबाई म्हणाली. "आठ दिस जाता-येता बगतिया मी. करुना पोरीचं नाव. तिची आई गाती लय चांगलं."

ती तिथंच उंबऱ्याशी टेकली. पाव मोडून तिनं पोराच्या हातात दिला, एक तुकडा आपल्या तोंडात टाकला आणि सावकाश चावत राहिली. कोरड्या घासानं तिला ठसका लागला.

"पानी द्या वं जरा," ती म्हणाली.

तबिथा आत गेली. तांब्या भरून आली आणि दोन हात अंतरावर थांबली. आजवर ती ओंजळीत वरूनच पाणी घेत आली होती, लोकांच्या दारात. लोकांना आपल्या दारात कसं द्यायचं हे तिला ठाऊक नव्हतं. मनुबाईनं ओंजळ पुढं केली नाही. बसल्या जागेवरून हात लांबवून तिनं तबिथाच्या हातातला तांब्याच घेतला, आधी पोराला पाजलं, मग स्वतः तोंड लावून प्याली.

"गार हाय पानी," ती म्हणाली.

तबिथानं रिकामा तांब्या दोन्ही हातांनी परत घेतला.