उपडी काहील

आईला रोह्याला न्यायचं माझ्या अजिबात मनात नव्हतं. चूक एवढीच झाली, की कारखान्यात ऐकलेली गोष्ट मी जेवताना तिच्यासमोर बोलून गेले. रामवाडीत ज्या गणपतीच्या कारखान्यात मी रंगकाम करते, तिथल्या शेटनी सांगितलं होतं, की रोह्याच्या पुढे माधवराव नावाच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी वडिलांचं बंद पडलेलं गुऱ्हाळ नीट करून ऊसशेतीचं संग्रहालय काढलंय. रविवारी तिथे गूळही करून दाखवतात म्हणे. आईने हातातली भाकरी ताटात ठेवली आणि आपण जायचं, एवढंच म्हणाली.

त्याच गुऱ्हाळावर माझा बाप कामाला होता. जनू त्याचं नाव. आमचं गाव पेणच्या खाडीकडचं, मिठागरांचं. मिठाने पाय फुटून चालवेना, म्हणून तो दोन हिवाळे तिकडे रस उकळायच्या काहिलीखालचं चुलवण पेटवायच्या कामाला गेला, आणि दुसऱ्या हिवाळ्यात गेला तो आलाच नाही. मी तेव्हा आईच्या पोटात होते. शिमग्याच्या सुमारास मालकांचा माणूस गावात येऊन सांगून गेला, की जनू कोलाडच्या एका बाईला घेऊन मुंबईला पळाला. माझे आजोबा विचारायला गेले, तर त्यांना फाटकातूनच परत पाठवलं.

तेव्हापासून आई वाट बघतेय. कपाळावर कुंकू, हातात हिरवा चुडा, दर वर्षी वडाला दोरा. बायका तोंडावर गोड बोलायच्या आणि पाठ वळली की हसायच्या. मी ‘पळपुट्याची पोर’ हे नाव ऐकत मोठी झाले. बापाचा मला इतका राग, की माझ्या लग्नपत्रिकेत त्याचं नाव घालायचं ठरलं तेव्हा मी जेवणच सोडलं होतं. आईला सगळ्या जन्मात एकच गोष्ट कळायला हवी होती, की तो जिवंत आहे की नाही. मला ते विचारायची गरजच वाटत नव्हती. तो मजेत असणार आणि कुठेतरी दुसरी पोरं खांद्यावर घेऊन फिरत असणार, अशी माझी खात्री होती.

पेणहून आम्ही एसटी धरली. नागोठण्याला मी भजी घेतली, तर तिने आपला पुडा हातात धरला आणि रोह्यापर्यंत तसाच धरून ठेवला. पुढे रिक्षा केली. शेताच्या फाटकापाशी उतरलो, तेव्हा फेब्रुवारीचं ऊन डोक्यावर आलं होतं आणि उसाच्या रसाचा करपट गोड वास बाहेरपर्यंत येत होता. आईने पदर नाकाला लावला. आत शिरताना मला उगाचच वाटलं, आत्ता मागे फिरलो तरी चालेल. पण तिने माझ्या आधी पाऊल टाकलं होतं.

माधवराव हसतमुख माणूस. पांढरा झब्बा, हातात छडी, प्रत्येक वस्तू वर्गात शिकवल्यासारखी समजावून सांगायची सवय. आधी बैलांचा लाकडी चरक दाखवला, मग लोखंडी चरक, कोयते, गुळाच्या ढेपांचे साचे. भिंतीवर त्यांच्या वडिलांचा हार घातलेला मोठा फोटो होता आणि खाली लिहिलं होतं, की या भातखाचरांच्या मुलखात उसाचा मळा फुलवून दाखवणारा हा माणूस. कामगारांचे फोटो नाहीत का, असं मी विचारलं. त्या काळी कुठले आलेत कॅमेरे, असं ते म्हणाले. मालकांपुरते बरे मिळाले होते कॅमेरे, त्या एका फोटोने भिंत भरली होती.

आई त्या फोटोपुढे उभी राहिली ती हलेचना. शेवटी तिच्याऐवजी मीच विचारलं, की तुमच्या वडिलांच्या वेळी पेणकडचा जनू म्हणून कोणी चुलवणावर होता का. माधवराव तेव्हा पुण्याला कॉलेजात होते, त्यांना काही आठवत नव्हतं. पण त्यांच्या पत्नी, सरोजिनीबाई, दारात पाहुण्यांना पानावर गरम गूळ देत होत्या. ते नाव ऐकून त्यांचा हात मधेच थांबला. मग त्यांनी आमच्याकडे न बघता दोन पानं आमच्या हातात दिली.

गूळ चांगला होता, खोटं कशाला बोलू. मी सगळा खाल्ला आणि बोटंही चाटली. आईने मात्र पान नुसतं तळहातावर धरून ठेवलं.

माधवरावांनी आम्हाला चुलवणावर नेलं. चिपाडाचा जाळ खाली धडधडत होता आणि वर माणूसभर लांबीची लोखंडी काहील रसाने भरलेली होती. रस उकळून बुडबुडे फुटत होते आणि दोन गडी लांब दांड्याने तो ढवळत होते. माधवरावांना खरा अभिमान या काहिलीचा होता. वडिलांनी गुऱ्हाळ बंद केल्यावर बाकीचं सामान विकलं, पण ही काहील मागच्या बाजूला जमिनीत पुरलेली निघाली, असं ते सांगू लागले. उपडी घातलेली. बुडाला छिन्नीने पाडलेलं भोक. एवढं चांगलं लोखंड कोणी असं का पुरेल, हे त्यांना अजून सुटलं नव्हतं. चोरांच्या भीतीने असेल, असा त्यांचा अंदाज होता. मग त्यांनी लोहाराकडून ठिगळ मारून घेतलं आणि काहील पुन्हा चुलवणावर चढली.

आईच्या हातातलं पान खाली पडलं.

“परत सांगा सायेब,” ती म्हणाली. “उपडी व्हती? आनी भोक व्हतं?”

हो, असं ते कौतुकाने म्हणाले. त्यांना वाटलं, म्हातारीला गोष्ट आवडली.

आई काहिलीकडे बघत होती. तिचा आवाज अजिबात चढला नाही, आणि त्याचीच मला भीती वाटली. “आमच्या मानसानं मला सांगितलेलं,” ती म्हणाली. “काहिलीत मानूस पडला, तर ती काहील परत आगीवर ठेवीत नाय. गूळ उतरवनारा गुळव्या तिच्या बुडाला भोक पाडतो, म्हंजे कुनी परत वापरू नये. आनी जो गेला त्याला पुरून वर ती उपडी घालतात. तुमी ती काढलीत.”

ढवळणारे गडी थांबले. त्यातल्या एकाने दांडा बाजूला ठेवून दिला. माझ्या तोंडात अजून गुळाची चव होती. मी चाटलेली बोटं खांबाला पुसत राहिले.

माधवराव हसण्याचा प्रयत्न करत होते. असल्या समजुती फार असतात मावशी, म्हणाले. असं काही घडलं असतं तर घरात कळलं नसतं का, पोलीस आले नसते का, वडील मला एका शब्दाने बोलले नसते का. बोलता बोलता त्यांची नजर काहिलीवर गेली. मला वाटतं, आपण वडिलांना कधी काही विचारलंच नाही, हे त्यांना तेव्हाच आठवलं असावं.

सरोजिनीबाई आमच्या मागे येऊन उभ्या होत्या. त्या नवऱ्याशी बोलल्या, पण बघत माझ्या आईकडे होत्या. जनू चुलवणावर होता त्याच हिवाळ्यात त्या लग्न होऊन या घरात आल्या होत्या. एकदा दुपारी गुऱ्हाळावर ओरडा झाला. बायकांना माजघरात बसवून दारं लावून घेतली. संध्याकाळी सासरे म्हणाले, की वासरू काहिलीत पडलं. गुळव्या त्याच दिवशी निघून गेला आणि दुसरा कोणी यायला तयार होईना.

“वासरासाठी कोणी काहील पुरत नाही,” त्या म्हणाल्या. “हे मला तेव्हाही कळलं होतं.”

“मग बोलली का नाहीस?” माधवरावांनी विचारलं.

त्यांनी वाकून आईच्या हातून पडलेलं पान उचललं. मलाही तोच प्रश्न विचारायचा होता, ओरडून विचारायचा होता. एवढी वर्षं माझी आई बायकांच्या हसण्याखालून मान खाली घालून गेली आणि ही बाई इथे दारं लावून बसली. पण आई मधे आली. काहील जिथे सापडली ती जागा दाखवा, असं तिने सांगितलं.

जागा चुलवणाच्या मागेच होती. काहील काढल्यावर त्यांनी खाली आणखी खणलं नव्हतं. वर माती लोटून पाहुण्यांना दाखवायला जुन्या जातीचा ऊस लावला होता. ऊस आमच्या डोक्यावरून गेला होता आणि आत ऊन पोचत नव्हतं. आई पाचटावर बसली आणि खणायला सांगितलं. आधी वकिलाला विचारू, पोलिसांना कळवू, रीतसर करू, असं काय काय माधवराव बोलत राहिले. त्यांच्याकडे लक्ष न देता सरोजिनीबाई शेडमध्ये गेल्या आणि कुदळ घेऊन आल्या. ती त्यांनी ढवळणाऱ्या गड्याच्या हातात दिली.

“आणि खाली काहीच नसलं तर?” माधवराव म्हणाले.

आईने त्यांच्याकडे पाहिलं. “नसलं तर मी घरी जाते,” ती म्हणाली. “परत वाट बगत बसते.”

गड्याने आधी कोयत्याने ऊस तोडून बाजूला केला. आईने माझा हात धरला. तिचे हात मिठाने कायमचे खरखरीत झालेत, लहानपणापासून मला ते माहीत आहेत, पण इतके थंड ते मला कधी लागले नव्हते. कुदळ पहिल्यांदा जमिनीत गेली, आणि ज्याचं नाव मला लग्नपत्रिकेतही नको होतं त्याच्यासाठी मी देवाजवळ मागणं मागितलं. म्हटलं, माझा बाप इथेच सापडू दे.