दोन व्याही आणि एक बॉक्स

लग्नाच्या हॉलसमोर व्हॅनचं मागचं दार उघडताच पुरुषोत्तमरावांनी अंगातला कोट काढून कठड्यावर टाकला आणि कुणी सांगायच्या आत कपाटाएवढ्या स्पीकर-बॉक्सला हात घातला.

“बाबा, नको ना. तुमची पाठ,” तनू म्हणाली. “आणि प्लीज, आज नो क्वेश्चन्स. उद्या माझी लग्न आहे.”

तनूचं मराठी लंडनच्या पिनरमध्येच वाढलेलं; लग्न तिच्या तोंडी कायम स्त्रीलिंगीच असायचं. एरवी पुरुषोत्तमराव ते सुधारल्याशिवाय पुढचं अक्षर ऐकायचे नाहीत. आज त्यांनी मुकाट ऐकून घेतलं, कारण आज अपराधी ते स्वतःच होते.

तीन आठवड्यांपूर्वी डेझमंड, म्हणजे होणारे व्याही, पहिल्यांदा जेवायला आले होते. आईवडील जमैकाचे, हे जन्मले हार्ल्सडेनमध्ये, आणि गेली चाळीस वर्षं साउंड सिस्टिम चालवत होते. भिंतभर स्पीकर उभे करायचे, रेगे संगीताच्या तबकड्या लावायच्या आणि लोकांना नाचवायचं. व्याह्यांची आवड कळल्याबरोबर पुरुषोत्तमरावांनी लायब्ररीतून पाच पुस्तकं आणली, टिपणं काढली आणि वरणभाताचा पहिला घास पोटात जायच्या आत विचारलं, “ब्लॅक म्युझिक म्हणजे शेवटी सगळ्यांनी मिळून सोसलेलं, तेच ना? मग ज्याने सोसलं नाही त्याला ते कळणार कसं?” डेझमंडनी चमचा खाली ठेवला आणि विचारलं, “लोणचं इकडे देता का?”

तेव्हापासून तनू बापाशी कामापुरतंच बोलत होती. उद्या व्याहीभेट होती. दोन्ही बापांनी भर मांडवात गळाभेट घ्यायची. जो माणूस आपल्याला आगाऊ म्हातारा समजतो त्याला चारचौघांत मिठी मारायची, या विचारानेच पुरुषोत्तमरावांना घाम फुटत होता. म्हणून तर हॉल लावायला ते न बोलावता आले होते.

हॉल पहिल्या मजल्यावर, जिना अरुंद.

“खालची बाजू मी घेतो,” ते डेझमंडना म्हणाले.

डेझमंड वरून, ते खालून. एकेक पायरी. बोलायला श्वास उरत नव्हता, ते एका परीने बरंच होतं. वळणावर पुरुषोत्तमरावांनी बॉक्स मांडीवर तोलला, त्याच्या एका कडेवर फिरवला आणि भिंतीचा पोपडाही न उडवता आडवा काढला. डेझमंड थांबले. बॉक्स कठड्याला टेकवून दोघं दम खायला लागले.

“त्या दिवशी तुम्ही विचारलं होतंत,” डेझमंड म्हणाले.

वर तारांचं भेंडोळं घेऊन उभ्या असलेल्या तनूने डोळे मिटून घेतले.

“माझ्या वडलांना गोऱ्यांच्या क्लबच्या दारातूनच परत पाठवायचे. मग त्यांनी जुनी कपाटं फोडून असले बॉक्स बनवले आणि घरातल्या पुढच्या खोलीत नाच ठेवला. एवढं तुमच्या पुस्तकात असेलच.”

“आहे.”

“त्या खोलीत लोक किती हसायचे, तेही आहे?”

पुरुषोत्तमरावांनी आठवून पाहिलं. “नाही. ते नाही.”

“सोसलं होतं सगळ्यांनी, खोटं नाही. त्याशिवाय ती खोलीच झाली नसती. पण सोसायला कोण तिकीट काढून येतं? यायचे ते नाचायला.” डेझमंडनी रुमालाने मान पुसली. “आता माझा प्रश्न. नवखा माणूस बॉक्स पोटाशी धरतो. तुम्ही मांडीवर घेतलात. वळणावर मी सांगायच्या आधी आडवा केलात. पूर्वी कुणासाठी उचलत होतात?”

पुरुषोत्तमरावांनी वर पाहिलं. तनू त्यांच्याकडेच बघत होती. त्यांना बॉक्सची कड एकदम फार गुळगुळीत वाटली. ते त्या कडेवरून अंगठा फिरवत राहिले.

“वडलांसाठी,” ते म्हणाले. “नागपुरात त्यांचा बँड होता. लग्नातला. मोठा ढोल माझ्याकडे असायचा.”

“बाबा?” तनू दोन पायऱ्या खाली आली. “आजोबा तर पोस्टात होते ना?”

“होतेच. लग्नसराई सोडून.”

पुढचं पुरुषोत्तमरावांनी घाईघाईने सांगून टाकलं. कॉलेजातल्या मित्राच्या बहिणीचं लग्न होतं, तर हे वरातभर ढोलाआड तोंड लपवून चालले होते. बँडवाल्यांचं पान शेवटच्या पंगतीनंतर, तेही मांडवामागे. लाज वाटायची, फार वाटायची. “आणि एकदा वाजायला लागलं ना,” ते म्हणाले, “की काही वाटायचं नाही. नुसता आनंद व्हायचा. तो कुणाला सांगायचीही लाज वाटली.”

डेझमंडनी मान डोलवली.

“ते आमच्यासारखं नाही,” ते म्हणाले. “ते तुमचं आहे. त्यात आमचं मिसळू नका, दोन्हींची चव जाईल. आता उचला, माझे गुडघे राहिलेत कुठे!”

बॉक्स वर पोचला. तारा जोडल्या, दिवे लागले, हॉलभर बारीक घुमारा पसरला. डेझमंडनी माइक पुरुषोत्तमरावांच्या हातात दिला.

“वरात निघताना पहिलं काय वाजायचं?”

“पहिला नुसता ढोल. बाकीच्यांना जागं करायला.”

“मग करा की.”

पुरुषोत्तमरावांनी दार बंद आहे ना ते पाहिलं, घसा खाकरला आणि तोंडाने पहिला ठोका दिला. खिडक्यांची तावदानं थरथरली. दुसरा, तिसरा, मग चौथ्याला त्यांचा पाय आपोआप उचलला गेला आणि त्या रिकाम्या हॉलमध्ये सत्तरीचा माणूस वरातीच्या चालीने सरळ चालत सुटला. डेझमंड एवढे हसले की त्यांना खांबाचा आधार घ्यावा लागला. हसता हसता त्यांनी आवाजाचं बटण आणखी वर सरकवलं.

तनू हसत नव्हती. तिने फोन काढून समोर धरला होता, रेकॉर्डिंग चालू करून.

“बाबा, परत,” ती म्हणाली. “सुरुवातीपासून सांगा. आजोबांचं सगळं.”

पुरुषोत्तमराव थांबले. आयुष्यात पहिल्यांदाच बोलण्याआधी त्यांनी विचारलं, “वेळ आहे का तुम्हाला?”

“हॉल सहापर्यंत आपलाच आहे,” डेझमंड म्हणाले आणि बॉक्सवरच बसले, शेजारी एका माणसापुरती जागा ठेवून.