सव्वीस जण फरशीवर

एका कैद्याच्या पत्रावरून खटला उभा राहिला आणि न्यायाधीशांनी हुकूम काढला: नव्वद दिवसांनंतर तुरुंगात एकही माणूस फरशीवर झोपता कामा नये, नाहीतर अलाबामातल्या आमच्या काउंटीचा खर्च ठरवणाऱ्या आम्हा पाचही सदस्यांना आत टाकलं जाईल. म्हणजे त्याच फरशीवर. बैठकीत कोणी हसलं नाही. ओढ्यावरच्या पुलासाठी ठेवलेले पैसे आम्ही मुकाट्याने तुरुंगाकडे वळवले. पूल माझ्या भागातला होता, त्यामुळे माझं डोकं फिरलं. जिन्यातच मी शेरीफ टॅडलॉकला गाठलं.

"तुरुंग तुझा, खटला हरलास तू, आणि भुर्दंड आम्हाला. साक्षीत तोंड का नाही उघडलंस?"

"उघडलं की. कैद्याच्या वकिलाने विचारलं, वीस जण फरशीवर झोपतात का? मी म्हटलं, सव्वीस."

"तू कोणाच्या बाजूने आहेस?"

"सात वर्षं खाटा मागतोय, बर्ल. दर वेळी तुम्ही म्हणालात, पुढच्या वर्षी बघू."

तो टोपी घालून निघाला.

"त्या कैद्याला न्यायाधीशांचा पत्ता कोणी दिला?" मी मागून विचारलं.

तो वळलाही नाही. "मी. पाकिटाला तिकीटही मीच लावलं."